पापी आहे, बाकी मजेत

“कसे आहात?” असं विचारलं की माणसं “बरं आहे” म्हणतात, “चाललंय” म्हणतात, फार झालं तर गुडघ्यांची तक्रार सांगतात. आमचे घरमालक म्हणायचे, “पापी आहे, बाकी मजेत.” समोरचा हिंदी बोलणारा असला, आणि जबलपुरात तो बहुतेक असतोच, तर “पापी हूँ, बाकी मज़े में.” नवा माणूस दचकायचा. जुने लोक “अच्छा, अच्छा” म्हणत पुढे सटकायचे. गल्लीत त्यांना ‘पाप वाले अंकल’ असं नाव पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

काकांचं घर जबलपुरातल्याच गोरखपूर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. खाली ते एकटे, वर भाड्यानं आम्ही तिघं: आई, बाबा आणि मी. भाडेकरू मराठी बोलणारे हवेत, एवढीच त्यांची अट होती. त्यांचे आजोबा नगरकडचे ख्रिस्ती. मिशनच्या कामाला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर अख्खा मुलूख हिंदी, त्यामुळे काकांची भाषाही घरासारखीच दुमजली होती. खालच्या मजल्यावर आमची सगळ्यांचीच ‘काहून’ आणि ‘करून राहिलो’वाली, वरच्या मजल्यावर जुन्या उपासनेतली, जिथे माणसांना ‘अनुताप’ होतो आणि ‘पाचारण’ येतं. गप्पांच्या भरात ते कधी जिना चढले ते कळायचं नाही.

पाद्री घडवणाऱ्या एका शाळेत त्यांनी उभी हयात शिकवलं होतं. स्वतः मात्र पाद्री झाले नाहीत. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा बाबांनी अदबीनं विचारलं, “सर, आपला विषय कोणता?”

“पाप,” काका म्हणाले.

बाबा गडबडले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, “अच्छा. मग अनुभव बराच असेल.”

काका भिंतीला टेकून हसत राहिले. त्या एका वाक्यावर आपल्याला घर मिळालं, असं आई अजून म्हणते.

ते उंच होते, किंचित वाकलेले, आणि बारा महिने काळा कोट घालायचे. मे महिन्यात जबलपूरच्या उन्हात डांबर मऊ व्हायचं, पण कोट उतरायचा नाही. आईनं एकदा विचारलंच. म्हणाले, “वहिनी, नुसत्या पांढऱ्या सदऱ्यात मी फार सज्जन दिसतो. लोकांची फसगत होते.” चहा स्वतः करायचे, त्यात आलं असं ठेचून घालायचे की पिणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. रविवारी सकाळी पेटी काढून गायचे. सूर लागायचा तेव्हा लागायचा. पण त्या मराठी गीतांच्या चाली आमच्या भजनांच्या सख्ख्या बहिणी होत्या, त्यामुळे आई वरून टाळ घेऊन खाली जायची आणि शब्दांकडे दुर्लक्ष करून साथ द्यायची.

अंगणात बिहीची झाडं होती. पेरूला आमच्याकडे बिही म्हणतात. आदम-हव्वेच्या त्या पहिल्या बागेतलं फळ सफरचंद नव्हतंच, ते बिहीच होतं, असा काकांचा ठाम सिद्धांत होता. “सफरचंद कोणी चोरत नाही. ते विकत घेतात, आजाऱ्याला देतात. चोरावं असं वाटते ती बिही.” आणि हा सिद्धांत सिद्ध करायला त्यांनी ओमती भागातल्या एका पेंटरकडून पाटी रंगवून आणली. ‘इस पेड़ की बिही तोड़ना मना है.’ ती त्यांनी कोपऱ्यातल्या एका झाडाला टांगली. बाकीची झाडं मोकळी. ज्याला हवं त्यानं फाटक ढकलून यावं आणि तोडून न्यावं.

झालं असं की मोकळ्या झाडांच्या बिही पिकून खाली पडायच्या, त्यांच्यावर माश्या बसायच्या. पाटीच्या झाडाला मात्र हिरवी कच्चीसुद्धा टिकायची नाही. दोन्हीकडची चव एकच होती, मी खाऊन बघितली आहे. एकदा तर शेजारचे निवृत्त मोठे अधिकारी, चारचौघांत मान डोलावतानाही विचार करणारे, भरदुपारी स्टुलावर चढलेले सापडले. काका कोट सावरत बाहेर आले. साहेब म्हणाले, “देख रहा था, पेड़ में कीड़ा तो नहीं लगा.”

“लगा है साहब,” काका म्हणाले, “पर पेड़ में नहीं.” आणि पाटीखालचीच एक बिही तोडून त्यांनी साहेबांच्या हातात ठेवली.

हेच त्यांचं मूळ पाप. माणूस वाईट नसतो, पण ‘नको’ म्हटलं की त्याच्यात काहीतरी जागं होतं. ते शिकवावं लागत नाही, घेऊनच येतो. आईला हे अजिबात पटायचं नाही. “काहीतरीच काय? तान्हं बाळ पापी कसं होईल?”

“वहिनी, एक बाळ घ्या. त्याला दोन खुळखुळे द्या. मग शेजारचं बाळ आणून बसवा अन् बघा.”

आईला माझ्या लहानपणातलं काहीतरी आठवलं असावं, कारण तिनं माझ्याकडे बघितलं. “आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं” ही म्हण म्हणजे त्यांच्या सगळ्या शास्त्राचं मराठी सार आहे, असं काका म्हणत. जाडजूड ग्रंथ वाचून त्यांच्या विद्यार्थ्यांना जे कळलं नाही, ते आमच्या आज्यांनी ओट्यावर बसून सांगून ठेवलंय, असंही म्हणत.

‘सॉरी’ या शब्दाशी त्यांचं वाकडं होतं. कुणी सॉरी म्हटलं की विचारायचे, “कशाबद्दल?” आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. हे थांबणं फार जड जायचं. दूधवाल्या भैयाच्या दुधात एकदा पाणी निघालं. भैया हात जोडून म्हणाला, “गलती हो गई बाबूजी.”

“गलती हिसाब में होती है भैया. पानी अपने आप चलकर दूध में नहीं जाता. क्या किया, बोलो.”

भैयानं आभाळाकडे बघितलं, सायकलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शेवटी म्हणाला, “पानी मिलाया था.”

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी भैयाचा हात हातात घेतला, घरात नेलं, तो आल्याचा चहा पाजला, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. भैया त्यानंतर सगळ्या गल्लीला पाणी पाजत राहिला, फक्त काकांना निकं दूध घालायचा. कारण विचारलं तर म्हणायचा, “दीदी, गाली से डर नहीं लगता. इनके यहाँ तो सच बोलना पड़ता है, ऊपर से वो चाय.”

मी तेव्हा मानसशास्त्रात एम.ए. करत होते आणि त्या वयात असावा तेवढा ताठा माझ्यात होता. पाप ही जुनाट, माणसाला दडपणारी कल्पना आहे, याबद्दल मला शंका नव्हती. संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून आम्ही भांडायचो. मी म्हणायचे, माणूस जे करतो ते लहानपणामुळे करतो, परिस्थितीमुळे करतो, मेंदूतल्या रसायनांमुळे करतो. काका मनापासून ऐकायचे. मध्येमध्ये “वाहवा” म्हणायचे. मग एक दिवस म्हणाले, “सगळं खरं आहे बाई. पण परवा तू त्या आंधळ्या बाबाला रस्ता ओलांडून दिला, तो कोणी दिला? तू की रसायनानं?”

“मी.”

“मग चांगलं तेवढं तू, अन् वाईट तेवढं रसायन? ही तर बेईमानी झाली.” ते पुढे वाकले. “लक्षात ठेव. दगडाला कोणी पापी म्हणत नाही. मांजर उंदीर मारते, तिलाही म्हणत नाही. पापी म्हणणं हा माणसाचा मान आहे. तू याहून बरं करू शकली असती, असा त्याचा अर्थ आहे.”

मी चिडले. काकांना दुसऱ्याला चिडवण्याचा छंद नव्हता, पण कुणी चिडलं की त्यांना फार प्रसन्न वाटायचं, हे खरं.

मोबाइलचं वारं त्यांच्याही घरात शिरलं होतं. एकदा मी त्यांना एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा गावातल्या एका माणसानं रिक्षावाल्याला थोबाडीत मारली होती आणि देशभरची माणसं त्याला शिव्या घालत होती. काकांनी चष्मा वर करून तो बघितला, खालच्या शिव्या वाचायला लावल्या. मग विचारलं, “अन् ह्याला माफी कोण देईल?”

“माफी कशाला? मारलंय त्यानं.”

“म्हणूनच तर. न मारणाऱ्याला माफी काय करायची आहे?” फोन मला परत देत म्हणाले, “लोक म्हणतात, पाप ही जुनी गोष्ट झाली. पाप गेलं म्हणतात, पण पापी शोधायचं काम तर दिवसरात्र करून राहिले. ह्या डब्यात निवाड्याचा दिवस रोज आहे. क्षमेचा एकही नाही.”

त्यांचं पाप हे दुसऱ्याला हाणायचं दांडकं नव्हतं, हे मला उमगायला वेळ लागला. पलीकडच्या घरातली एक सून नवऱ्याचा मार खाऊन काकांकडे यायची आणि “मेरी ही ग़लती थी, अंकल” म्हणायची. मला वाटलं, आता हे तिला चार पापं सांगणार. काका करड्या आवाजात म्हणाले, “बेटी, चोरी मत करो. वो पाप उसका है, उसी के पास रहने दो.” आणि तडक उठून कोटासकट तिच्या नवऱ्याकडे गेले. आत काय झालं माहीत नाही. पण तो इसम नंतर काका दिसले की रस्ता बदलायचा, आणि त्या घरातला आरडाओरडा थांबला.

आता बाबांचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय काका सांगून होत नाहीत.

बाबा एका कारखान्यात तपासनीस होते. अवजड लोखंड उचलायच्या साखळ्या तपासणं हे त्यांचं काम. लहान हातोडीनं कडी न् कडी ठोकत जायचं आणि ऐकायचं. स्वच्छ टण्ण वाजली तर साखळी धड. बद्द वाजली तर काढून ठेवायची. यंत्रं होती, पण बाबांचा कान यंत्राच्या पुढे होता, असं तिथे सगळे म्हणत. कामाइतकंच त्यांना दुसरं वेड होतं ते नाटकाचं. जबलपूरचा मराठी माणूस वर्षभर हिंदीत जगतो, आणि गणपतीत मंडळाच्या नाटकात चार घटका मराठीत राजा होतो. बाबा आमच्या मंडळाचे ठरलेले बहिरे सासरे होते. त्यांनी कानाला हात लावून नुसतं “आँ?” केलं की सभागृह हसायचं.

त्या वर्षी नाटकाच्या दिवशी दुपारी बाबा कारखान्यातून लवकर निघाले. संध्याकाळी तिसरा अंक रंगात असताना निरोप आला की साखळी तुटली आणि मुन्नालाल नावाच्या मजुराच्या पायावर लोखंड पडलं. मुन्नालाल जबलपूरजवळच्या पाटनचा. जीव वाचला, पाय घोट्याखाली गेला. चौकशी झाली. साखळी जुनी होती, लोखंड आतून थकलेलं होतं, दोष कुणाचाच नाही, असं ठरलं.

तिथून बाबा बुडायला लागले. आधी नाटक सोडलं. मग बोलणं सोडलं. मग जेवण. ताटावर बसायचे आणि घास कालवत राहायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, “अपने आपको दोष बिलकुल मत दीजिए.” कारखान्यातले सोबती येऊन तेच सांगून गेले. मामा नागपूरहून येऊन तेच म्हणाला. मी तर काय, पुस्तकंच घेऊन बसायचे. “बाबा, ही अपराधीपणाची भावना आहे. अपघातानंतर ती येते. तुमचा काही दोष नाही.” प्रत्येक वेळी बाबा मान डोलवायचे आणि आणखी थोडे आत जायचे. कपडे अंगावर लोंबायला लागले. एकदा न सांगता ग्वारीघाटावर जाऊन नर्मदेच्या पाण्याकडे बघत बसले. आई त्यांना हाताला धरून घरी घेऊन आली. त्यानंतर ती त्यांना एकटं सोडेना. काय होऊ शकतं ते आम्हाला दोघींना दिसत होतं आणि आम्ही ते एकमेकींना बोलत नव्हतो. मला इतकी भीती आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

अशाच एका सकाळी काकांनी बाबांना खाली हाक मारली. पाटीच्या झाडाची फांदी वाकली होती, तिला टेकू द्यायचा होता. मी जिन्यात कपडे वाळत घालत होते. बाबांनी बांबू धरला, काका सुतळी गुंडाळत होते. गाठ मारता मारता काका अगदी सहज म्हणाले, “साहेब, बिनकसुराचा माणूस स्वतःला एवढी सजा देत नाही. काय केलं तुम्ही?”

काका दूधवाल्यासाठी थांबले होते तसे थांबले. मला वाटलं, खाली जावं आणि हे थांबवावं. तेवढ्यात बाबांचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी आला, म्हणून घोगरा होता.

“मी साखळी ठोकलीच नाही.”

“काहून?”

“नाटक होतं. मेकअपला वेळ लागतो. वाटलं, कालच तर ठोकली होती.”

“अन् चौकशीत?”

“ठोकली म्हणून सांगितलं.”

काकांनी सुतळी खाली ठेवली. “मग हे पाप आहे,” ते म्हणाले. रागानं नाही, दयेनंही नाही. डॉक्टर हाड मोडलंय म्हणून सांगतो, तसं.

मी ताडताड खाली उतरले. “काका, काय बोलताय तुम्ही? कळतं का, यांची तब्येत काय आहे?” माझा आवाज चढला होता. बाबांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचे डोळे वाहत होते आणि चेहऱ्यावर, मी हे कधी विसरणार नाही, सुटका होती.

“थांब बेटा,” बाबा म्हणाले. “सगळे म्हणत होते, तू काही केलंच नाही. मी आत ओरडून राहिलो होतो, अन् कोणाला ऐकू येईना. यांना आलं.”

मग काकांकडे वळून म्हणाले, “आता तुम्हीच काय ती माफी द्या.”

“मी?” काका खरोखर दचकले. “मी कोण? मी तर त्याच लायनीत तुमच्यामागं उभा आहे. माझा प्रभू देईल, तो तयारच आहे, त्याची चिंता नाही. पण आधी ज्याचा पाय गेला त्याच्याकडे जावं लागेल. चलो, पाटनला जाऊ.”

आईनं मला सोबत पाठवलं. बसमध्ये बाबा खिडकीशी बसले, मध्ये काका, कोटाची सगळी बटणं लावून. बरंच अंतर गेल्यावर बाबा म्हणाले, “तुमच्या मनातून मी उतरलो असेन.”

“साहेब, त्या पाटीच्या झाडाची पहिली बिही कोणी तोडली, माहिती आहे?”

“कोणी?”

“मी. पाटी टांगली, मागं सरून बघितली, अन् हात आपोआप वर गेला. दातही दुखत होता, तरी खाल्ली.” ते स्वतःशीच मान हलवत राहिले. “ह्याचा फायदा हाच आहे. सगळे पापी म्हटलं की वर बसून खाली बघायला जागाच उरत नाही.”

बाबा किंचित हसले. अपघातानंतर पहिल्यांदा.

मुन्नालाल पाटनच्या बाजारात भावाच्या धान्याच्या दुकानात बसायचा. कुबडी पोत्याला टेकवलेली होती. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. ठोकली नाही, नाटकाला गेलो, वर खोटं बोललो. भाऊ उसळून उठला. मुन्नालालनं त्याला हातानं खाली बसवलं.

“हमको मालूम था साब,” तो म्हणाला. “हम वहीं खड़े थे. उस दिन ठोकने की आवाज़ आई ही नहीं.”

“मग... तो बोले क्यों नहीं?” बाबांची भाषा गोंधळून गेली.

“आपके बोलने की राह देख रहे थे.”

काकांना पापावर बोलायला कधी निमंत्रण लागत नसे. त्या दिवशी मात्र ते पोत्यांच्या रांगेशी मान खाली घालून उभे होते. बाबांनी हात जोडले. मुन्नालाल बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिला.

“माफ़ी तो अभी नहीं होगी साब. झूठ नहीं बोलेंगे. पर आए हैं तो चाय पीकर जाइए.”

आम्ही चहा प्यालो. बाबांनी दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन खरं ते सांगितलं. मुन्नालालचा भरपाईचा हक्क नव्यानं उभा राहिला, बाबांची बढती गेली, साखळ्यांचं काम काढून त्यांना कोपऱ्यातलं टेबल मिळालं. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, आणि मग विचारलं, “भाजी कशाची आहे?” आई स्वयंपाकघरात जाऊन रडली, मग तिनं दोन भाकरी जास्त थापल्या.

गोळ्यांचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. त्या त्यांनी पुढेही घेतल्या, आणि घ्यायलाच हव्या होत्या. पण गोळी झोप देते, कबुली देत नाही. आज मी गोरखपुरातच एका छोट्या खोलीत समुपदेशन करते. समोर बसलेल्या माणसाला “तुमचा दोष नाही” हे वाक्य मी पटकन देत नाही. खूपदा ते खरं असतं, आणि तेव्हा ते ठासून सांगावं लागतं, त्या शेजारच्या सुनेला काकांनी सांगितलं तसं. पण काही वेळा ते वाक्य म्हणजे तोंडावर दार लावणं असतं. म्हणून मी आधी विचारते, आणि थांबते. हे थांबणं कुठल्या पुस्तकात नाही. मी ख्रिस्ती झाले नाही, काकांनी तसं कधी सुचवलंही नाही. देव आहे की नाही, यावर आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. पाप आहे, यावर जमलं.

काका आता नाहीत. घर त्यांच्या पुतणीनं आम्हालाच दिलं, झाडांसकट. पाटीवरची अक्षरं उडत आली की मी ओमतीला नेऊन पुन्हा रंगवून आणते. घर आमचं झाल्यापासून त्या झाडाची बिही आम्हाला खायला मिळालेली नाही.

पण काकांची आठवण काढली की मला ते शेवटच्या दिवसांतले दिसत नाहीत. दिसतात ते सभागृहातल्या पहिल्या रांगेत.

पाटनची ती खेप शेवटची नव्हती. दरवर्षी गणपती उठले की बाबा आणि काका बसनं पाटनला जायचे. दरवर्षी मुन्नालाल म्हणायचा, “अभी नहीं साब. चाय पीजिए.” बाबा चहा पिऊन परत यायचे. मला त्या मुन्नालालचा राग यायचा. काका म्हणायचे, “त्याचा हक्क आहे. उधारीवर दिलेली माफी टिकत नाही.” मग एका वर्षी चहाचा पेला खाली ठेवताना मुन्नालालनं विचारलं, “साब, वो आपका नाटक अब नहीं होता?”

“मैं नहीं करता,” बाबा म्हणाले.

“करिए. हमको देखना है. जिसके लिए हमारा पैर गया, वो चीज़ आख़िर है कैसी, हम भी तो देखें.”

पुढच्या गणपतीत बाबा पुन्हा बहिरे सासरे झाले. मुन्नालाल पाटनहून आला. पहिल्या रांगेत काका, त्यांच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. काका त्याला प्रत्येक वाक्य हिंदीत समजावून सांगणार होते आणि त्यांचा आवाज बघता नाटकाचं काही खरं नव्हतं. पडदा पडलेलाच होता. रंगमंचावरच्या दिव्यांचा लांब नळ छताला साखळ्यांनी टांगलेला असायचा.

घंटा होण्याआधी पडद्याच्या आतून आवाज आला. टण्ण. मग पुन्हा टण्ण. सावकाश, एकेक कडी. मेकअप केलेले, पांढऱ्या मिशा लावलेले बाबा शिडीवर चढून हातोडीनं साखळी ठोकत असणार, हे मला न बघता कळलं. लोकांना वाटलं, नाटकातलंच काहीतरी आहे. गलका हळूहळू थांबला. मुन्नालाल मान तिरकी करून ऐकत होता. शेवटची कडी वाजेपर्यंत ऐकत राहिला, आणि मग त्यानं पडद्याकडे बघून मोठ्यानं हाक दिली.

“हाँ साब! सुनाई दी!”

सभागृह हसलं. पडद्याआड कुणीतरी हुंदका दिला, तो आमच्या रांगेपर्यंतच आला. मी काकांकडे बघितलं. कोटाच्या बाहीनं ते डोळे पुसत होते, पण पाणी काही थांबत नव्हतं. त्यांच्या हाताला हात लावून मी विचारलं, “काका, कसे आहात?”

“मजेत,” ते म्हणाले.

वाक्याचा पहिला अर्धा भाग येईल म्हणून मी थांबले. तो आला नाही. घंटा झाली आणि पडदा वर गेला.